दुसरी संधी द्यायची कोणी?



मागच्या सत्रात नववीतल्या एका मुलाने मैदानावर मला विचारले, "सर, संघातला सर्वांत चांगला खेळाडू काही वाईट वागला तर त्याला काढायचे की ठेवायचे?" "काय वागला त्यावर आहे," असे मोघम उत्तर देऊन मी शिट्टी वाजवली आणि सराव सुरू केला. पण प्रश्न मनातून गेला नाही. कारण तोच प्रश्न एकदा माझ्यासमोर आला होता आणि त्याचे उत्तर मी चुकीचे दिले होते. ती हकिकत पुढे येईलच. आधी आपण अशा ठिकाणी जाऊ, जिथे हा प्रश्न दर वर्षी लाखो लोकांच्या देखत सोडवावा लागतो. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतले कॉलेज फुटबॉल.

हा आपला फुटबॉल नव्हे, हे आधी लक्षात घ्या. चेंडू लंबगोल असतो. तो हातात धरून पळायचा किंवा पुढे फेकायचा, आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पळणाऱ्याला पाडायचे. डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड पट्ट्या असतात त्या यासाठीच. चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा तो क्वार्टरबॅक, आणि चेंडू घेऊन पळणारा तो रनिंग बॅक. ही दोन नावे पुढे लागतील. हंगाम छोटा असतो: सप्टेंबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत साधारण बारा सामने, आणि नंतर नववर्षाच्या आसपास 'बाऊल' नावाचे मानाचे सामने. म्हणजे एखाद्या मुलाला एका सामन्यासाठी बसवले, तर त्याच्या वर्षाचा बारावा हिस्सा गेला.

आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांतून जी मुले तिकडे शिकायला गेली आहेत, त्यांना विचारून पाहा. सामन्याच्या शनिवारी सगळे गाव एका रंगाचे कपडे घालते. मिशिगन, पेन स्टेट आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये प्रत्येकी एक लाखाहून अधिक माणसे बसतात. अहमदाबादचे मोटेराचे मैदान सोडले तर आपल्याकडे क्रिकेटसाठीसुद्धा एवढे मोठे मैदान नाही. आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सर्वांत मोठा आकडा राज्यपालाचा नसतो की कुलगुरूंचा नसतो. तो सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचा असतो!

हा कोच म्हणजे नुसता खेळ शिकवणारा माणूस नव्हे. तो मुलाच्या घरी जातो, त्याच्या आईसमोर बसतो आणि सांगतो, 'तुमचा मुलगा माझ्या स्वाधीन करा, मी त्याला माणूस करून परत देतो.' बरीच मुले गरीब वस्त्यांतली असतात. शिष्यवृत्ती, जेवण, राहणे, अभ्यासाची शिकवणी हे सगळे संघाबरोबर येते. आखाड्यात वस्तादाचा शब्द जसा शेवटचा, तसा इथे कोचचा. कोणाला पहाटे पाचला पळवायचे, कोणाला बाकावर बसवायचे, कोणाला घरी पाठवायचे हे वर्षानुवर्षे त्या एका माणसाने ठरवले. आणि गोम इथेच आहे. तो मुलाचा पालक, तोच न्यायाधीश, आणि मुलगा खेळला तर फायदाही त्याचाच.

ब्रायंट आणि नेमथ

जुन्या लोकांना विचारले तर ते हमखास १९६३ सालचा एक किस्सा सांगतील. अलाबामा विद्यापीठाचे कोच पॉल ब्रायंट, ज्यांना सगळे 'बेअर' म्हणजे अस्वल म्हणत, त्यांच्याकडे जो नेमथ नावाचा क्वार्टरबॅक होता. आपल्या हाताखाली खेळलेल्यांत इतका उपजत खेळाडू दुसरा नव्हता, असे ब्रायंट यांचे मत. हंगामाचे दोनच सामने उरले असताना नेमथने दारू न पिण्याचा संघाचा नियम मोडल्याचे ब्रायंट यांच्या कानावर आले. त्यांनी त्याला बोलावून विचारले. त्याने लपवले नाही. ब्रायंट यांनी त्याला दोन्ही सामन्यांतून काढले. त्यातला दुसरा सामना होता १ जानेवारी १९६४ चा शुगर बाऊल. अलाबामाने तो १२-७ असा जिंकला, तोही एकही टचडाउन न करता, चार वेळा चेंडू खांबांमधून मारून. नेमथ पुढच्या हंगामात परत आला आणि त्या वर्षी, १९६४ मध्ये, अलाबामा राष्ट्रीय विजेता ठरला. जानेवारी १९६९ मध्ये हाच नेमथ न्यूयॉर्क जेट्सकडून सुपर बाऊल जिंकून देशभर गाजला.

या गोष्टीत सगळे छान जुळून येते म्हणून ती लोकांना आवडते. पण मला तिच्यातली एक बाब महत्त्वाची वाटते. शिक्षा अशा वेळी दिली, जेव्हा ती कोचला महाग पडणार होती. हंगाम संपल्यावर, सुट्टीत, फावल्या वेळात दिलेली शिक्षा वेगळी आणि मोठ्या सामन्याच्या तोंडावर दिलेली वेगळी. दुसरी बाब अशी की, नेमथच्या वागण्याने दुसऱ्या कोणाला इजा झाली नव्हती. नियम संघाचा, मोडला संघातल्याने, शिक्षा संघाच्या प्रमुखाने दिली. इथे कोच न्यायाधीश झाला तरी कोणाची तक्रार नव्हती. सगळी प्रकरणे एवढी सरळ असती तर हा लेख इथेच संपवता आला असता.

एका दुकानातले दोघे

१९९९ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या दोन खेळाडूंनी, पीटर वॉरिक आणि लॅव्हरानिअस कोल्स यांनी, एका मोठ्या दुकानात ४१२ डॉलरचे कपडे अवघ्या २१ डॉलर ४० सेंट देऊन घेतले. गल्ल्यावरचा कर्मचारी सामील होता. दोघांना अटक झाली. कोच होते बॉबी बाउडन, सौम्य आणि देवभोळे म्हणून प्रसिद्ध. कोल्सच्या नावावर आधीची एक भानगड होती, म्हणून त्याला संघातून काढून टाकले. वॉरिकची ही पहिली वेळ. तो दोन सामने बाहेर बसला, त्याच्यावरचा आरोप किरकोळ चोरीपर्यंत खाली आला आणि तो परतला. ४ जानेवारी २००० रोजी फ्लोरिडा स्टेटने व्हर्जिनिया टेकला ४६-२९ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. सामन्याचा मानकरी वॉरिक!

बाउडन यांच्या निर्णयात तर्क होता, हे मान्य करायला हवे. पहिली चूक आणि दुसरी चूक यांत फरक करायचा नाही तर 'दुसरी संधी' या शब्दाला अर्थच उरत नाही. पण लोकांना जे खुपले तेही खोटे नव्हते. वॉरिक हा देशातला सर्वोत्तम खेळाडू मानला जात होता. तो राखीव फळीतला असता तर इतकी बारीक तोलणी झाली असती का?

आता गंमत पाहा. ज्याला काढले तो कोल्स पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये दहा हंगाम खेळला. ज्याला ठेवले तो वॉरिक सहा. यावरून बाउडन चुकले असे मुळीच ठरत नाही. मी हे एवढ्यासाठी सांगतो की, नंतर काय झाले यावरून आधीचा निर्णय बरोबर होता की चूक, हे मोजण्याची आपल्याला फार सवय आहे. मुलगा पुढे नावारूपाला आला की 'बघा, संधी दिली म्हणून', आणि वाया गेला की 'मी तेव्हाच सांगत होतो'. निर्णय घेणाऱ्याला त्या दिवशी जेवढे दिसत होते तेवढ्यावरच त्याला तोलले पाहिजे.

नेब्रास्का, १९९५

तेवढ्यावर तोलणे किती अवघड असते, ते पुढच्या प्रकरणात दिसते. पालकांनी हा भाग मुलांसोबत बसून वाचावा, अशी विनंती.

नेब्रास्का विद्यापीठाचे कोच टॉम ऑस्बर्न हे शिस्तप्रिय, धार्मिक वृत्तीचे, मोजके बोलणारे गृहस्थ. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने १९९१ मध्ये शाळकरी मुलांना वडीलधाऱ्यांची सोबत मिळवून देणारा उपक्रम सुरू केला होता आणि तो नंतर बराच वाढला. म्हणजे 'या माणसाला फक्त जिंकण्याची पडली आहे' असे सहज म्हणता येऊ नये, असा हा माणूस. त्यांचा रनिंग बॅक लॉरेन्स फिलिप्स कॅलिफोर्नियात वाढलेला. लहानपण अनाथ आणि निराधार मुलांच्या वसतिगृहात गेलेले. ९ सप्टेंबर १९९५ च्या सामन्यात तो २०० यार्डांहून जास्त धावला. त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास, त्याने संघातल्या दुसऱ्या खेळाडूच्या घरात शिरून आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केली आणि केस धरून जिन्यावरून खाली ओढत नेले. ती त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी होती.

ऑस्बर्न यांनी त्याला संघाबाहेर केले, पण दार बंद केले नाही. समुपदेशन, वर्गातली हजेरी, वागणूक अशा अटी घातल्या. फिलिप्स सहा सामने बाहेर राहिला. न्यायालयात त्याला एक वर्षाची परिवीक्षा झाली, म्हणजे तुरुंग नाही, पण देखरेख. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो पुन्हा मैदानावर आला. २ जानेवारी १९९६ च्या फिएस्टा बाऊलमध्ये, राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीत, तो पहिल्या फळीत होता. त्याने १६५ यार्ड धाव घेतली आणि तीन टचडाउन केले. नेब्रास्काने फ्लोरिडाचा ६२-२४ असा धुव्वा उडवला.

देशभरातून ऑस्बर्न यांच्यावर टीका झाली. त्यांचे म्हणणे असे की, या मुलाच्या आयुष्यात फुटबॉल हीच एक बांधलेली चौकट आहे. ती काढून घेतली तर तो सावरणार नाही, आणखी बिघडेल. आणि तो नसताना संघ हरत होता असेही नाही. त्याच्या जागी खेळणारा अहमान ग्रीन हा पहिल्या वर्षाचा मुलगा उत्तम धावत होता आणि नेब्रास्का सगळे सामने जिंकत होते. 'मला त्याची गरजच नव्हती, मग स्वार्थ कुठला?' हा युक्तिवाद वजनदार आहे.

मी या युक्तिवादावर पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, तो अर्धा बरोबर आहे. मुलाला चौकट हवी होती हे खरे. पण चौकट म्हणजे सराव, वसतिगृह, अभ्यास, समुपदेशक. त्यात विजेतेपदाच्या सामन्यात पहिल्या फळीत उभे राहणे कुठे येते? त्याला संघात ठेवून, रोज सरावाला बोलावून, वर्षभर सामना न खेळू देणे शक्य होते. गरज नव्हती तर ते आणखीच सोपे होते. आणि दुसरी गोष्ट: त्या मुलीलाही त्याच आवारात, त्याच वर्गांच्या वाटांवरून जायचे होते. तिच्यासाठी चौकट कोणी बांधायची? फिलिप्सची संधी, फिलिप्सचे भविष्य, फिलिप्सचे बालपण यांवर जी शाई खर्च झाली, तिच्या मानाने तिच्याबद्दल फार थोडे लिहिले गेले.

पुढची हकिकत दुःखद आहे. १९९६ मध्ये सेंट लुईसच्या व्यावसायिक संघाने फिलिप्सला सहाव्या क्रमांकावर निवडले आणि पुढच्याच वर्षी काढून टाकले. नंतरचे संघही टिकले नाहीत. गंभीर गुन्ह्यांसाठी २००८ आणि २००९ मध्ये त्याला मिळून ३१ वर्षांहून अधिक शिक्षा झाली. जानेवारी २०१६ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तुरुंगात असतानाच त्याचा अंत झाला. ऑस्बर्न यांना दोष देणारे म्हणतात, त्याला वेळीच धडा मिळाला नाही. त्यांची बाजू घेणारे म्हणतात, नेब्रास्कात होता तोवर तो निदान सांभाळला गेला. शेवटाकडे बोट दाखवून दोन्ही बाजू आपापले खरे करतात. म्हणूनच मी वर म्हटले की शेवटावरून मोजू नका.

एक ठोसा आणि दुसरा ठोसा

आता जरा हलक्या मनाने दोन ठोसे पाहू. पहिला मारला चक्क कोचने. २९ डिसेंबर १९७८, गेटर बाऊल. ओहायो स्टेटचे वुडी हेझ हे २८ हंगाम कोच राहिलेले आणि २०५ विजय मिळवलेले दिग्गज. शिस्तीबद्दल नाव, आणि रागाबद्दलही. सामना संपत आला असताना क्लेमसनच्या खेळाडूने त्यांच्या संघाचा चेंडू मधेच झेलला आणि तो बाजूच्या रेषेपाशी हेझ यांच्या पुढ्यातच येऊन पडला. हेझ यांनी त्याला ठोसा लगावला. सगळ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली आणि ते पुन्हा कुठेच कोच झाले नाहीत. मात्र विद्यापीठाने त्यांना वाळीत टाकले नाही. १९८६ मध्ये त्याच विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांचे भाषण झाले. पद गेले, माणूस ठेवला.

दुसरा ठोसा ३ सप्टेंबर २००९ चा. ओरेगनचा रनिंग बॅक लेगॅरेट ब्लाउंट. सामना हरल्यावर बॉइसी स्टेटच्या एका खेळाडूने त्याला डिवचले आणि ब्लाउंटने त्याच्या जबड्यावर हाणला. नंतर प्रेक्षकांच्या दिशेने धावला, त्याला धरून आत न्यावे लागले. ओरेगनचे कोच चिप केली यांचा मुख्य कोच म्हणून हा पहिलाच सामना! दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्लाउंटला पूर्ण हंगामासाठी निलंबित केले. पण शिष्यवृत्ती चालू ठेवली आणि सरावाला येऊ दिले. मग काही आठवड्यांनी त्याच्यासमोर अभ्यासाच्या आणि वागणुकीच्या अटी ठेवल्या आणि त्या पुऱ्या केल्यास परतीचा विचार होईल असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये निलंबन उठले, पण प्रत्यक्ष खेळायला ३ डिसेंबर उजाडला. पुढे व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याला कोणी घेतले नाही. तरी तो मागच्या दाराने शिरला आणि २०१५, २०१७ आणि २०१८ अशा तीन वर्षी सुपर बाऊल जिंकणाऱ्या संघात होता.

केली यांच्यावरही टीका झाली: 'पूर्ण हंगाम म्हणालात आणि मध्येच शब्द फिरवलात.' टीका रास्त आहे. शिक्षा जाहीर करताना रागात मोठा आकडा सांगायचा आणि नंतर कमी करायचा, ही सवय आपल्या शिक्षकांतही आहे आणि पालकांतही. 'महिनाभर मोबाईल बंद' हे वाक्य कोणत्या घरात चार दिवसांहून जास्त टिकले आहे? तरीही या प्रकरणात एक गोष्ट चांगली होती. परतीची वाट लेखी आणि मोजता येण्यासारखी होती. मुलाला ठाऊक होते की काय केले म्हणजे दार उघडेल.

न्यायाधीश बदलतो तेव्हा

पेन स्टेटचे वयोवृद्ध कोच जो पटर्नो यांचे २००७ सालचे उदाहरण घ्या. त्यांच्या काही खेळाडूंनी एका घरात जाऊन मारामारी केली. पटर्नो यांनी फर्मान काढले: घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्यानंतर सगळा संघ स्टेडियम झाडेल. एक लाखाहून जास्त माणसांचा कचरा! शिक्षा कल्पक होती आणि पुष्कळांनी तिचे कौतुकही केले. मला मात्र त्यात दोन प्रश्न दिसतात. ज्यांनी मारामारी केली नाही त्यांनी का झाडावे? आणि ज्यांना मार बसला त्यांना झाडलेल्या स्टेडियमचा काय उपयोग?

पडद्यामागे आणखी एक भांडण चालू होते. विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या शिस्तीचा एक वेगळा विभाग होता. त्याच्या प्रमुख विकी ट्रिपोनी यांचा आग्रह असा की, खेळाडू हाही विद्यार्थीच आहे, त्याला इतरांचेच नियम. पटर्नो यांना वाटे, माझी मुले मी पाहून घेईन. २००७ मध्ये ट्रिपोनी यांनी विद्यापीठ सोडले. पुढे २०११ मध्ये, संघाच्या एका माजी सहायक कोचने लहान मुलांवर केलेल्या अत्याचारांचे प्रकरण बाहेर आले आणि पटर्नो यांनाही पद सोडावे लागले, तेव्हा त्यांची जुनी पत्रे लोकांनी नव्याने वाचली.

'आमचे आम्ही पाहून घेऊ' याचा सर्वांत वाईट नमुना टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात दिसला. खेळाडूंविरुद्ध मुलींनी केलेल्या अत्याचाराच्या तक्रारी फुटबॉल विभागातल्याच लोकांनी हाताळल्या, विद्यापीठाच्या नेमलेल्या यंत्रणेपर्यंत त्या पोचू दिल्या नाहीत, असे विद्यापीठानेच नेमलेल्या वकिलांच्या चौकशीत निघाले. मे २०१६ मध्ये कोच आर्ट ब्राइल्स यांना जावे लागले आणि अध्यक्षांनाही पदावरून हटवण्यात आले.

ओक्लाहोमाचे बॉब स्टूप्स यांचा किस्सा याहून बोलका आहे. त्यांच्या जो मिक्सन या खेळाडूने जुलै २०१४ मध्ये एका उपाहारगृहात एका तरुणीच्या चेहऱ्यावर ठोसा मारला. तिच्या चेहऱ्याची हाडे मोडली. स्टूप्स यांनी मिक्सनला पूर्ण २०१४ चा हंगाम संघाबाहेर ठेवले आणि २०१५ मध्ये परत घेतले. प्रसंगाची चित्रफीत त्यांनी तेव्हाच पाहिली होती. डिसेंबर २०१६ मध्ये ती चित्रफीत सर्वांसाठी खुली झाली, गदारोळ उठला, आणि स्टूप्स यांनी कबूल केले की आज असे घडले तर काढून टाकण्याशिवाय दुसरा मार्ग नसता. आता विचार करा. २०१४ आणि २०१६ मध्ये ठोसा तोच होता. बदलले एवढेच की तो आता सर्वांना दिसला. एका माणसाने बंद खोलीत पाहिलेले आणि सगळ्या गावाने पाहिलेले यांत इतका फरक पडत असेल, तर त्या एका माणसाच्या हाती निर्णय ठेवायचा का?

माझी गोष्ट

आता कबूल केलेली हकिकत. पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. आमचा खो-खोचा संघ आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला होता. आदल्या दिवशी आमच्या सर्वांत चपळ धावकाने पाण्याच्या टाकीपाशी सहावीतल्या एका मुलाला मारले. ओठ फाटला, दात हलला. मुख्याध्यापकांनी मला विचारले, "तुमचा मुलगा आहे, काय करायचे?" मी म्हणालो, "उद्याचा सामना होऊ द्या, मग बघू." सामना झाला, आम्ही जिंकलो, ढाल आली, पेढे वाटले. आणि 'मग बघू' ते राहूनच गेले. सोमवारी तो सहावीतला मुलगा मला जिन्यात दिसला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि वाट सोडून भिंतीला चिकटून उभा राहिला. जणू मीच मारले होते.

'तुमचा मुलगा आहे' हे ऐकताच मी त्याचा पालक झालो, न्यायाधीश झालो, आणि ढालीचा वाटेकरी तर होतोच. त्या सहावीतल्या मुलाला काय वाटते, हे मी विचारलेदेखील नाही. ब्रायंट, ऑस्बर्न वगैरे मोठी नावे वाचताना मला नेहमी ती पाण्याची टाकी आठवते.

दुसरे अंगण

एक बाजू मात्र राहिली, ती सांगायला हवी. नाहीतर तुम्हाला वाटेल की सर संधी देण्याच्याच विरुद्ध आहेत.

दुसरी संधी नेहमी त्याच संघात मिळाली पाहिजे असे नाही. रँडी मॉस या मुलाला फ्लोरिडा स्टेटमधून, वर आलेल्या बाउडन यांच्याच संघातून, १९९६ मध्ये काढले. तो आपल्याच राज्यातल्या मार्शल या लहान विद्यापीठात गेला, तिथे झळकला आणि २०१८ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या सन्माननीयांच्या यादीत बसला. कॅम न्यूटनला २००८ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात चोरीच्या लॅपटॉपवरून अटक झाली आणि संघाबाहेर ठेवले. नंतर ते प्रकरण समज आणि अटींवर मिटले. तो टेक्सासमधल्या ब्लिन या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात एक हंगाम खेळला. प्रसिद्धी कमी, मैदाने साधी. तिथून ऑबर्नला गेला आणि २०१० मध्ये देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. जुन्या ठिकाणचे मान गमावून, खालच्या पायरीवरून पुन्हा चढायचे, ही संधी मला खरी वाटते. घेणाऱ्याला ती काहीतरी किंमत मोजायला लावते.

अर्थात हीच वाट पळवाटही होऊ शकते. गंभीर गुन्ह्यासाठी एका विद्यापीठाने काढलेला खेळाडू शेजारच्या विद्यापीठाने लगेच उचलायचा, असे होऊ लागले, तेव्हा दक्षिणेकडच्या चौदा विद्यापीठांच्या संघटनेने मे २०१५ मध्ये नियम केला: स्त्रियांवरील अत्याचारासारख्या कारणाने काढलेल्या खेळाडूला आमच्यापैकी कोणी घ्यायचे नाही. आणि २०१८ पासून संघ बदलू पाहणाऱ्यांसाठी सामाईक नोंदवही आली. २०२१ नंतर तर एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना वर्षभर बसून राहण्याची अटही सैल झाली. कोच रागावला तर मुलगा सामान बांधतो! कोचची एकाधिकारशाही त्यामुळे कमी झाली हे चांगले, पण 'इथेच राहून निस्तर' असे सांगणारे दारही थोडे खिळखिळे झाले.

आणि नियम तरी कायमचे कुठे असतात? ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंनी आपली पदके आणि जर्सी विकल्या आणि गोंदणे फुकट करून घेतली, म्हणून डिसेंबर २०१० मध्ये त्यांना पुढच्या हंगामातले पाच सामने बाहेर बसवण्याची शिक्षा झाली. कोच जिम ट्रेसल यांना हे आधीच कळले होते आणि त्यांनी ते वरिष्ठांपासून लपवले. मे २०११ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर उघडपणे पैसे मिळवता येतात. मुलांचा गुन्हा आज जवळजवळ गुन्हा राहिला नाही. कोचने लपवले ते मात्र आजही लपवणेच आहे. तेच ट्रेसल २०२५ मध्ये ओहायो राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. म्हणजे दुसरी संधी फक्त खेळाडूंनाच मिळते असे नाही.

वर्गात बोलण्यासाठी

आपल्या शाळेच्या कबड्डी संघाचा कप्तान उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी परीक्षेत कॉपी करताना पकडला गेला, असे समजा. त्याचे काय करायचे हे क्रीडाशिक्षकाने ठरवावे, वर्गशिक्षकाने, मुख्याध्यापकांनी, की संघातल्या मुलांनी? कॉपीऐवजी त्याने कोणाला मारले असते तर तुमचे उत्तर बदलले असते का? मार खाणाऱ्या मुलाला निर्णयाआधी विचारावे की नंतर नुसते कळवावे? आणि तो कप्तान नसून राखीव खेळाडू असता तर?

प्रत्येक वर्गाने आपले उत्तर एका पानावर लिहून, खाली दोन मुलांच्या आणि दोन मुलींच्या सह्या घेऊन, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत क्रीडा खोलीबाहेरच्या पेटीत टाकावे. एकमत झाले नाही तर दोन्ही मते लिहा. निवडक उत्तरे पुढच्या अंकात छापू.